मापाची काडी

गेल्या महिन्यात नातीला बूट घ्यायला नागपूरला सीताबर्डीवर गेलो होतो. नात पाच वर्षांची. सून, मी आणि नात असा आमचा लवाजमा एका थंडगार दुकानात शिरला. तिथल्या पोरानं नातीच्या पायाकडे नुसती नजर टाकली, वय विचारलं आणि एक गुलाबी जोड पुढे ठेवला. किंमत एकोणीसशेच्या घरात. ती चिठ्ठी वाचली आणि माझ्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, "दोन नंबर मोठाच दे रे बाबा. दोन वर्षं तरी ओढेल."

पोरानं मोठा जोड काढला. नातीनं पाय घातला, चार पावलं चालली, पाचव्या पावलाला टाच बाहेर आली. ती थांबली आणि गंभीरपणे म्हणाली, "आजोबा, हा दुसऱ्या मुलीचा बूट आहे. ती कुठंय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ती दुसरी मुलगी खरंच माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिला भेटून तीस वर्षं झाली.

१९९४ साली मी पोंभुर्ण्याला बँकेत अधिकारी होतो. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे गाव तेव्हा तालुक्याचं नव्हतं, गोंडपिपरी तालुक्यात मोडायचं. अंधारी आणि वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा पट्टा. चहूकडे जंगल. एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी आणि दिवाळीनंतर धानकापणी, असं तिथल्या माणसाचं वर्षाचं वेळापत्रक. हातात रोख पैसा खेळायचा तो धान विकल्यावर आणि थोडाफार पानफळीवर. बाकीचे महिने उधारीचे.

आठवडी बाजाराच्या दिवशी गाव फुलून जायचं. देवाडा, घोसरीकडची माणसं बैलबंडीनं, सायकलनं, पुष्कळशी पायीच यायची. बाजारात चपलांचं दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेली ताडपत्री. तिच्यावर प्लॅस्टिकचे सँडल, रबरी स्लीपर, रेक्झिनचे बूट. प्रत्येक जोड सुतळीनं एकमेकांना बांधलेला, म्हणजे गर्दीत एका पायाचा दुसरीकडे जायला नको. या दुकानापुढे मी पहिल्यांदा एक गंमत पाहिली. माणसं लेकरांना सोबत न आणताच त्यांचे जोडे घेत होती. मुंडाशातून किंवा सदऱ्याच्या खिशातून एक काडी काढायची, ती जोड्यात आडवी घालायची, टाचेपासून टोकापर्यंत बसते का पाहायचं आणि भाव करायचा. निघताना लेकराच्या पायाला खराट्याची काडी लावून तेवढी मोडून आणलेली असायची. तीन लेकरं असली तर तीन काड्या. कुठली कुणाची हे बापाला बरोबर ठाऊक असायचं.

लेकराला बाजारात आणायचं म्हणजे आठ-दहा किलोमीटरची पायपीट, नाहीतर एस.टी.चं तिकीट, वर भजी-जिलेबीचा हट्ट. त्यापेक्षा काडी स्वस्त. मला त्या युक्तीचं मोठं कौतुक वाटलं होतं.

बाजाराच्याच दिवशी आम्ही व्हरांड्यात वसुलीचं टेबल मांडायचो. १९९० च्या कर्जमाफीनंतर वसुली मंदावलेली, वरून दर महिन्याला टक्केवारीची विचारणा. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली बैलजोडी, शेळ्या, दुभती जनावरं यांसाठी दिलेली छोटी छोटी कर्जं आमच्या खात्यात थकलेली. जून महिना होता. बैलजोडीचं कर्ज घेतलेला एक शेतकरी टेबलासमोर आला. दोन हप्ते मागे राहिलेले.

"किती आणलेत?" मी विचारलं.

"साठ हायेत जी. पण पोरीले जोडे घ्याचे हायेत. शाळेत घातली यंदा." त्यानं खिशातून काडी काढून दाखवली. माझ्या वितीपेक्षा दोन बोटं कमी असेल.

"पहिलीतल्या पोरीचा पाय एवढा?" मी गमतीनं म्हणालो.

"थोडी लांबच मोडली. पाय वाढते नं जी, काडी थोडीच वाढते!"

आम्ही दोघंही हसलो. मग मी म्हणालो, "पन्नास भरा. जोडे पुढच्या बाजारी घ्या." माझा आवाज चढा नव्हता. धाक नव्हता, दटावणी नव्हती. नम्र आवाजात मागितलेल्या पैशाला नाही म्हणणं गरिबाला जास्त जड जातं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. त्यानं दहाच्या पाच नोटा मोजल्या, पावती घेतली, नमस्कार केला आणि गेला. काडी टेबलावरच राहिली. संध्याकाळी ती केरात गेली.

ऑगस्टमध्ये रोवणी आटोपल्यावर मी बैलजोडी पाहायला त्याच्या गावी गेलो. बैल ठीक होते. ओसरीवर पोरगी बसली होती, उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. बांधावरून जाताना काटा रुतला, ओढून काढला, टोक आत मोडून राहिलं. पाय पिकला, पू झाला. तीन आठवडे शाळा नाही. पोरीच्या आईनं मला कोरा चहा दिला. जोड्यांचा विषय कुणी काढला नाही. त्यांनी काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या बाजारी मी स्वतः जोडे घेतले. सँडल, अडतीस रुपये. काडी नव्हतीच, अंदाजानं घेतले आणि मोठ्या दातृत्वाच्या भावनेनं नेऊन दिले. पोरीनं बरा झालेला पाय घातला. लांबी जमली, पण पुढचा भाग आत जाईना. बापानं अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि माझी समजूत घालावी तसा म्हणाला, "लांबी बराबर हाये जी. चवडा मावत नाही." ते सँडल तिच्या धाकट्या भावाला गेले. त्या पोरीला त्या वर्षी जोडे मिळाले की नाही, मला माहीत नाही. त्या आधी माझी बदली झाली.

"चवडा मावत नाही." या तीन शब्दांची किंमत मला फार उशिरा कळली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांच्या पायांची मापं यंत्रानं घेतली. त्यात दिसून आलं की भारतीय पाऊल साधारणपणे पुढच्या बाजूला जास्त रुंद असतं. आणि आपण आजवर जोडे घालत आलो ते इंग्रजी, युरोपीय आणि अमेरिकी नंबरांचे. चवडा मावावा म्हणून माणूस मग लांबीला मोठा जोड घेतो, टाच सुटते, पाय आत घसरतो. या पाहणीवरून भारतीय पायांसाठी 'भा' नावाची मापपद्धती सुचवण्यात आली. २०२४ साली ती बातमी मी वाचली, तेव्हा त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. वयाप्रमाणे केलेल्या आठ गटांपैकी सहा गट चौदा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचे आहेत. म्हणजे लेकराचं पाऊल हे मोठ्या माणसाच्या पावलाची छोटी प्रत नव्हे, हे कुणीतरी कागदावर मान्य केलं.

आता थोडा हिशेब. बँकवाल्याला हिशेबाशिवाय चैन पडत नाही.

इंग्रजी नंबरांत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. हे माप जवाच्या दाण्यावरून आलं. आपल्याकडेही जुन्या मापांत आठ यवांचं एक अंगुळ धरायचे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचं पाऊल महिन्याला सुमारे एक मिलिमीटर वाढतं, त्याहून लहानांचं जरा जास्त. सर्वांत लांब बोटापुढे साधारण बारा मिलिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या रुंदीहून थोडी कमी जागा मोकळी असावी, असं सांगतात. ती पाचवर आली की जोड बदलावा. योग्य मापाचा जोड असा सहा-सात महिने चालतो.

दोन नंबर मोठा घेतला तर पुढची मोकळी जागा एकोणतीस मिलिमीटर होते. पाऊल वाढून तो जोड योग्य मापाचा व्हायला सतरा महिने लागतील. तोवर लेकरू तो घसटत चालणार, अडखळून पडणार. आणि स्वस्त जोड्याचा तळ सतरा महिने कुठला टिकायला? ज्या दिवशी बूट पायाला बसेल, त्या दिवशी तो फाटलेला असेल. म्हणजे 'वाढत्या अंगाचा' म्हणून घेतलेला जोड एक दिवसही मापाचा न होता मरतो. याला आम्ही बुडीत कर्ज म्हणतो. आणि हे बुडीत कर्ज माझ्या नातीसाठी मी एकोणीसशे रुपयांचं काढायला निघालो होतो, बापाची ती काडी थोडी लांब मोडलेली होती याला हसलेला मी!

मग स्वस्तात काय घ्यावं? आधी, लहान मुलाला कसा जोड लागतो ते पाहू. १९९२ साली कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पायांची पाहणी प्रसिद्ध केली. जोडे वापरणाऱ्यांत तळवे सपाट असण्याचं प्रमाण ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही बंद बुटांत ते सर्वाधिक, सँडल-स्लीपर वापरणाऱ्यांत कमी. म्हणजे पोंभुर्ण्याच्या त्या पोरीचा रुंद चवडा हा दोष नव्हता. ते मोकळं वाढलेलं, मजबूत पाऊल होतं. दोष माझ्या सँडलचा होता.

पण म्हणून लेकरांनी अनवाणीच फिरावं, असं कुणी समजू नये. घरात, अंगणात, वाळूत खुशाल फिरावं. बाहेर काटा आहे, काच आहे, धानाची धसकटं आहेत. चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा डांबरी रस्त्यावर मोठ्यांचाही पाय टिकत नाही. आणि डोळ्यांना न दिसणारा एक शत्रू आहे, हुकवर्म म्हणजे अंकुशकृमी. त्याच्या अळ्या ओल्या मातीतून थेट पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि पुढे आतड्यात बसून रक्त शोषतात. हे शोधलं आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञानं, कैरोत, १८९८ च्या सुमारास. प्रयोग करताना अळ्यांच्या पाण्याचा थेंब चुकून त्याच्या हातावर सांडला, हाताला खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्याच्याच पोटात कृमी सापडले. आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत गोळी देतात. गोळी कृमी मारते. पुन्हा शिरणाऱ्याला अडवायला शौचालय हवं आणि पायात काहीतरी हवं.

त्या 'काहीतरी'ला काळा चकचकीत बंद बूटच हवा असं नाही. मागे पट्टा असलेला, बोटांकडे रुंद, तळ न घसरणारा साधा सँडल लहान मुलाला उत्तम. पावसाळ्यात तर बंद बूट म्हणजे शिक्षाच. एकदा भिजला की तीन दिवस वाळत नाही, आत पाय कुजतो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सँडल धुतला, झटकला, झालं. सपाता मात्र लहानग्यांना रोजच्या नकोत. त्या पकडून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि धावताना निसटतात.

आईबापांना हे कळत नाही असं नव्हे. बुटाला मान आहे. ज्या समाजातल्या माणसांना एकेकाळी वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत, त्या समाजातला बाप पोराला शाळेत घालताना बूटच हवा म्हणाला, तर त्याला पायाचं शास्त्र सांगायला मी कोण? फक्त एवढंच म्हणेन की बूट घ्या, पण आजच्या पायाचा घ्या.

राज्य सरकारनं २०२३ साली सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे मोफत द्यायचं ठरवलं. तरतूद केली विद्यार्थ्यामागे १७० रुपये. कुणी त्या आकड्याला हसेल. मी हसत नाही. कधीकाळी माझ्या टेबलावर मी त्याहून कमी पैशांत एका पोरीचे जोडे अडवले होते. पण एकशे सत्तर रुपये वाया जायचे नसतील तर दोन गोष्टी हव्यात. पहिली, वर्गाला बूट मागवताना प्रत्येक पायाचं माप घ्यावं. पहिलीचा एक नंबर, दुसरीचा एक नंबर असं करू नये. एका वर्गातल्या पोरांच्या पायांत सहज तीन नंबरांचा फरक असतो. दुसरी, पहिलीच्या आधीची, अंगणवाडीतली लेकरं या निर्णयात नाहीत आणि पाऊल सर्वांत भराभर वाढतं ते त्यांचंच. गावानं, शिक्षकांनी, नोकरदारांनी काही करायचं असेल तर इथे करावं. करही बघा. एक हजार रुपयांपर्यंतच्या जोड्यावरचा कर १ जानेवारी २०२२ ला पाचवरून बारा टक्के झाला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोड्यांवर तो पुन्हा पाच टक्के आहे. म्हणजे दीडशेच्या लेकराच्या सँडलला आणि चोवीसशेच्या बुटाला एकच दर. लहानांच्या मापाला तो माफ केला तर तिजोरी काही रिकामी होणार नाही.

आणि वेळ. शाळा उघडते जूनच्या अखेरीस, जेव्हा शेतकऱ्याचा पैसा बियाण्याच्या रूपानं जमिनीत गेलेला असतो. जोड्यांचा खर्च नेमका तेव्हाच दाराशी उभा राहतो. धान विकल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, शंभर-दोनशे रुपये 'पायाचे' म्हणून बाजूला टाकून ठेवायची सवय बचतगटांतल्या बायकांनी लावून घेतली तर जून सुसह्य होईल. मात्र बाजूला पैसा ठेवावा, बूट नव्हे. जानेवारीत घेतलेला बूट जूनमध्ये तोकडा झालेला असतो.

राहिली ती काडी. काडीत लांबी येते, चवडा येत नाही. म्हणून काडीऐवजी कागद घ्यावा. संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, लेकराला कागदावर सरळ उभं करावं, बसवून नव्हे. दोन्ही पावलांभोवती पेन्सिल उभी धरून रेघ मारावी. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठं निघालं तर मोठं खरं धरावं. अंगठ्यापुढे, किंवा जे बोट लांब असेल त्याच्यापुढे, बारा मिलिमीटर वाढवून कागद कापावा. बाजारात नेऊन जोड्यात घालावा. कडा दुमडल्या तर तो जोड लहान किंवा अरुंद आहे. मग जोड दोन्ही हातांत धरून वाकवून पाहावा. बोटांपाशी वाकला तर ठीक, मधोमध मोडला तर ठेवून द्यावा. थोरल्याचा जोड धाकट्याला द्यायलाही हरकत नाही, फक्त तळ एका बाजूला झिजलेला नसावा, कारण मग धाकटा थोरल्याच्या चालीनं चालू लागतो. एवढं पाहिलं तर दोनशेचा जोड दोन हजारांच्या जोड्याएवढंच काम देतो. पायाला किंमत वाचता येत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आम्ही बँकवाले आयुष्यभर लोकांना सांगत आलो. मोठ्या माणसाला ते सांगता येतं. लेकराच्या पायाला सांगता येत नाही. तो आपला वाढत राहतो, हप्ता थकला असला तरी.

त्या दिवशी सीताबर्डीवरून आम्ही बूट न घेताच परतलो. घरी नातीला कागदावर उभं केलं. पेन्सिल फिरली तशी तिला गुदगुल्या झाल्या, म्हणून उजवं पाऊल दोनदा काढावं लागलं. तिनं लगेच त्याला पाच नखं काढली, ती लाल रंगवली. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन गेलो आणि रस्त्यावरच्या एका साध्या दुकानातून साडेतीनशेचा पट्ट्याचा सँडल घेतला. दुकानदार कागदाकडे बघून हसला. मग त्यानं स्वतःच तो जोड्यात सरकवला, कडा चाचपल्या आणि म्हणाला, "काका, एक नंबर रुंद देतो."

कागद मी जपून ठेवला आहे. मागच्या बाजूला तारीख घातली आणि सवयीनं खाली मुदतही लिहिली, तीन महिने. त्या तारखेला नातीला पुन्हा नव्या कागदावर उभं करायचं आहे. या एका वसुलीला मी स्वतःहून हजर राहणार आहे.